एकाच डोळ्याचे चार नंबर : लेन्स कुठल्या कागदावरून मागवायची?

घाटमाथा

जाणकारांना प्रश्न. मुलाचं वय २२, लांबचा चष्मा शाळेपासून. उजव्या डोळ्याचे वर्षभरातले चार कागद समोर आहेत :

जानेवारी, नेत्रतज्ज्ञ : −५.५० / −१.०० × १८०
एप्रिल, दुसरे नेत्रतज्ज्ञ : −६.५० / +१.०० × ९०
जून, लेन्सचं खोकं : −५.२५ / −०.७५ × १८०
नोव्हेंबर, चष्म्याच्या दुकानातल्या मशीनची चिठ्ठी : −६.०० / −१.२५ × १७०

म्हणजे नंबर आधी एकने वाढला, मग सव्वाने उतरला, आता परत चढला. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, "होतं असं." लेन्स घातल्यावर दिवसात कधी स्वच्छ दिसतं, कधी पुसट. सहा महिन्यांच्या टोरिक (सिलिंडरचा नंबर असलेल्या) लेन्स एकदम मागवायच्या आहेत. कुठला कागद धरायचा?

बटाट्याची_काचरी

हा नंबर आहे की सेन्सेक्स?

अक्ष_९०

पहिले तीन कागद एकाच नंबराचे आहेत. काहीही चढलं-उतरलेलं नाही.

पहिला आणि दुसरा : ओळीतला पहिला आकडा स्फेरिकल (सगळ्या दिशांना सारखा नंबर), दुसरा सिलिंडर (एकाच दिशेतला जादा नंबर), शेवटचा ॲक्सिस (सिलिंडरची दिशा, अंशांत). सिलिंडर लिहायच्या दोन पद्धती आहेत, उणे आणि अधिक. एकीतून दुसरीत जायचं तर स्फेरिकल आणि सिलिंडर यांची चिन्हांसह बेरीज करायची, तो नवा स्फेरिकल. सिलिंडरचं चिन्ह उलटायचं. ॲक्सिस ९० अंशांनी फिरवायचा. −५.५० आणि −१.०० मिळून −६.५०, −१.०० चा झाला +१.००, १८० चा झाला ९०. डोळा तोच, चष्मा तोच, काच घासणाऱ्यालाही काही फरक पडत नाही.

तिसरा : चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिमी लांब असते, लेन्स डोळ्यावरच बसते. नंबर चारच्या पुढे गेला की हे अंतर हिशेबात धरावं लागतं. चष्म्याच्या नंबराला (१ + ०.०१२ × नंबर) ने भागायचं (उणे नंबरासाठी). ५.५० चे होतात ५.१६. दुसऱ्या दिशेला चष्म्यात ६.५० आहे, त्याचे ६.०३. दोन्हींतला फरक ०.८७. लेन्स पाव-पावच्या टप्प्याने मिळतात आणि टोरिकमध्ये सिलिंडर बहुधा ०.७५, १.२५, १.७५, २.२५ असेच मिळतात. म्हणून −५.२५ / −०.७५. ज्याने काढून दिला त्याने चोख काम केलंय.

चौथ्याबद्दल सवडीने लिहितो.

मोगरा_११

हे सूत्र डोक्यात राहणार नाही त्यांच्यासाठी : −४ चे −३.७५, −६ चे साधारण −५.५०, −८ चे −७.२५, −१० चे −९. अधिक नंबरात उलटं, लेन्सचा नंबर वाढतो : +६ चे +६.५०. चष्म्याचा आठ नंबर तसाच्या तसा लेन्समध्ये भरला की पाऊण नंबर जास्त बसतो. ऑनलाइन मागवताना चष्म्याचा कागद अपलोड करणारे अनेकजण नेमके इथेच फसतात, आणि मग "लेन्सने डोकं दुखतं" म्हणतात.

दर्यावर्दी

मग चौथा कागद खरा का नाही? मशीन माणसासारखी थकत नाही, "हे बरं की ते बरं" विचारत नाही. मला तर मशीनवर जास्त भरवसा वाटतो.

अक्ष_९०

दर्यावर्दी, मशीनची चिठ्ठी हा तपासणीचा आरंभ असतो, नंबर नव्हे. डब्यात डोळा लावून आतलं चित्र बघताना डोळ्याला ती वस्तू जवळ आहे असंच वाटतं आणि आतला स्नायू आवळतो. बाविसाव्या वर्षी त्या स्नायूत भरपूर दम असतो. परिणाम : मशीन उणे नंबर वाढवून दाखवतं. पाव-अर्धा नंबर सहज.

चिठ्ठीवर आणखी दोन गोष्टी बघा. वर VD (काच आणि डोळा यांतलं अंतर, मिमीत) असं लिहिलेलं असतं. काही मशीनवर ते १२ असतं, काहींवर १३.७५. आणि प्रत्येक डोळ्याची तीन-चार मापं छापलेली असतात. ती आपापसात जुळत नसतील तर खाली छापलेल्या सरासरीला काही अर्थ नाही.

शिवाय लेन्स घालून दुकानात गेले, काढल्या आणि लगेच मशीनवर बसले असतील तर ते माप बुबुळाचं नाही, लेन्सने दाबलेल्या बुबुळाचं.

सायली_वाचते

दोन मापांत फरक किती आला तर तो "बदल" मानायचा?

मोगरा_११

एकाच डोळ्याची दोन वेगवेगळ्या लोकांनी नीट तपासणी केली तरी अर्ध्या नंबरापर्यंत फरक येऊ शकतो. लेन्स बनवतानाही १० नंबरापर्यंत पाव नंबराची सूट प्रमाणातच धरलेली आहे. त्यामुळे पाव नंबराचा बदल ही बातमी नाही. अर्धा असेल तर पुन्हा तपासा. पाऊण किंवा जास्त असेल, किंवा सिलिंडर-ॲक्सिस हलला असेल, तर कारण शोधा.

तपासणीच्या खोलीनेही फरक पडतो. तक्ता ६ मीटरवर हवा. आरशात बघून ३ मीटरच्या खोलीत ६ करतात ते ठीक, पण आरशाशिवाय ३ मीटरवर तक्ता टांगला तर ०.३३ नंबराचा हिशेब तिथेच चुकतो, म्हणजे उणे नंबर कमी निघतो.

आणि लाल-हिरव्याची चाचणी झाली का ते आठवा. लाल पट्टीवरची अक्षरं ठळक दिसली तर उणे नंबर अजून थोडा हवा. हिरव्यावरची ठळक दिसली तर नंबर जास्त दिलाय. दोन मिनिटांचं काम आहे, घाईत हेच गाळलं जातं. जास्तीच्या उणे नंबराने अक्षरं काळीभोर आणि कोरीव दिसतात, म्हणून गिऱ्हाईक खूश होऊन जातं. संध्याकाळी कपाळ दुखायला लागतं.

काळी_मैना

गाजर खाऊन नंबर उतरतो का? घरात रोज दोन किलो येतायत.

बटाट्याची_काचरी

गाजर हलव्यासाठी असतं.

मोगरा_११

अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने रातांधळेपणा येतो, तिथे गाजर, पालेभाज्या, अंडी यांचा उपयोग आहे. चष्म्याचा उणे नंबर डोळ्याच्या लांबीशी बांधलेला असतो : बुबुळापासून पडद्यापर्यंतचं अंतर १ मिमी वाढलं की अंदाजे अडीच नंबर चढतो. गाजराने ती लांबी आखडत नाही.

कोकणकडा_दक्षिण

मूळ धाग्यातल्या "कधी स्वच्छ, कधी पुसट" कडे कुणी बघत नाहीये. नंबर खरोखर बदलत असेल तर तो मिनिटामिनिटाला बदलत नाही. हे लेन्सचं नाहीतर अश्रूंचं दुखणं आहे. पापणी मिटून बघा.

पापणी मिटल्यावर क्षणभर स्वच्छ दिसतं आणि मग पुसट होत जातं : कोरडेपणा, किंवा लेन्सवर थर बसलाय. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, एसीत हे आणखी वाढतं. लेन्सबरोबर चालणारे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब वापरून फरक पडतो का ते बघावं.

पापणी मिटल्यावर उलट पुसट होतं आणि मग स्थिरावतं : लेन्स सैल आहे, किंवा टोरिक लेन्स फिरतेय.

टोरिक फिरणं हे फार मोठं प्रकरण आहे. लेन्सवर बारीक खुणा असतात, बऱ्याच ब्रँडमध्ये खाली ६ वाजण्याच्या जागी. स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बघायच्या यंत्रावर) त्या कुठे बसल्यात ते दिसतं. घड्याळातला एक तास म्हणजे ३० अंश. लेन्स ३० अंश फिरली तर सिलिंडरचा काहीही उपयोग उरत नाही, तेवढाच नवा तिरपा सिलिंडर तयार होतो. १० अंश फिरली तरी १.२५ च्या सिलिंडरमध्ये ०.४० हून जास्त नंबर शिल्लक राहतो. खूण तपासणाऱ्याच्या डाव्या हाताला सरकली असेल तर तेवढे अंश ॲक्सिसमध्ये मिळवायचे, उजवीकडे सरकली तर वजा करायचे. लेन्स दर वेळी वेगळ्याच जागी थांबत असेल तर बेरीज-वजाबाकी व्यर्थ, दुसऱ्या घडणीची लेन्स लावून बघायची. खोक्यावर ८.४, ८.६, ८.८ असा आकडा असतो तो याच बसण्याचा.

दर्यावर्दी

आणि लेन्स उलटी घातली असेल तर?

कोकणकडा_दक्षिण

टोचते, सरकते, पुसट दिसतं. बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने बघायची : कडा वाटीसारख्या सरळ वर जायला हव्यात, बशीसारख्या बाहेर पसरल्या तर उलटी. काही लेन्सवर १-२-३ असे आकडे असतात, ते सरळ वाचता आले पाहिजेत. आणि डावी-उजवी अदलाबदल हे तर सगळ्यात साधं कारण. दोन्ही डोळ्यांचे नंबर जवळजवळचे असले की महिनाभर कळत नाही.

सातारकर_मावशी

पन्नाशीच्या वरच्यांचं काय? आमच्याकडच्या एका बाईंचा वाचायचा चष्मा आपोआप सुटला, सगळे कौतुक करतायत.

मोगरा_११

मावशी, कौतुक करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. मोतीबिंदूच्या एका प्रकारात भिंगाचा गाभा घट्ट होत जातो, त्याची प्रकाश वाकवण्याची ताकद वाढते आणि नंबर उणे बाजूला सरकतो. जवळचं चष्म्याविना दिसायला लागतं, पण लांबचं बिघडतं. पुढे गढूळपणा वाढला की जवळचंही जातं.

दुसरं कारण साखर. रक्तातली साखर वाढलेली असते तेव्हा डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर बहुधा उणे बाजूला जातो. गोळ्या किंवा इन्शुलिन सुरू होऊन साखर भरभर उतरली की नंबर अधिक बाजूला सरकतो आणि जवळचं अजिबात दिसेना होतं. माणूस घाबरतो, नवा चष्मा करतो, आणि महिन्याभरात तो फुकट जातो. साखर आटोक्यात आल्यावर चार ते सहा आठवडे थांबून मगच चष्मा करावा. काम अडत असेल तर तेवढ्यापुरता तयार वाचनचष्मा पुरे. कारण नसताना एक-दीड नंबर हलला तर चष्म्याच्या दुकानाआधी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घ्या.

विहीरबाग

औषधांचा मुद्दा राहिला. मायग्रेनसाठी, फिटसाठी टोपिरामेट देतात. क्वचित, पण सुरू केल्यापासून बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, दोन्ही डोळ्यांचा नंबर एकाएकी कित्येक अंकांनी उणे होतो. डोळ्याच्या आतल्या थरात पाणी साठून भिंग पुढे ढकललं जातं, त्यासोबत डोळ्याचा दाबही चढू शकतो. अडचण अशी की डोळे दुखले, डोकं दुखलं तर "मायग्रेनच असेल" म्हणून लोक तीच गोळी घेत राहतात. दोन्ही डोळ्यांनी लांबचं अचानक पुसट झालं तर त्याच दिवशी औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आणि नेत्रतज्ज्ञांना गाठायचं, आणि औषधाचं नाव आपणहून सांगायचं. नेहमीच्या काचबिंदूच्या झटक्यात वापरतात ते पायलोकार्पिन इथे उलटं पडतं, म्हणून नाव सांगणं महत्त्वाचं.

स्टेरॉइडचंही तसंच. खाज येते म्हणून दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्महिने घातले की मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही येऊ शकतात. तरुणांतही.

सायली_वाचते

चाळिशीच्या आसपास चष्मा काढून लेन्स लावल्या की वाचायला त्रास होतो, तो लेन्सचा नंबर चुकल्यामुळेच ना?

अक्ष_९०

नाही. उणे नंबरवाल्याला चष्म्यातून जवळचं बघताना डोळ्याला कमी ताण पडतो, लेन्समधून पूर्ण ताण पडतो. चाळिशी चष्म्यात दोन वर्षं लपून राहिलेली असते, लेन्स घातल्या दिवशी उघडी पडते. नंबर बरोबर असूनही.

काळी_मैना

घरच्या घरी काही चाचणी? उगाच दर वेळी डॉक्टरकडे धावायला नको.

कोकणकडा_दक्षिण

जाड कागदाला टाचणीने एक मिलिमीटरचं भोक पाडा. एक डोळा झाका, दुसऱ्याने चष्म्यासकट भोकातून लांबची पाटी वाचा. भोकातून सुधारलं तर बहुतेक वेळा नंबराचा प्रश्न आहे, सावकाश गेलात तरी चालेल. भोकातूनही तितकंच पुसट, किंवा आणखी वाईट, तर गढूळपणा, पडदा, नस यांपैकी काही असू शकतं, थांबू नका.

एकेक डोळा झाकून चौकटीच्या वहीचं पान बघा. रेघा वाकड्या दिसल्या, वस्तू लहान दिसल्या, नंबर अधिक बाजूला गेला, तर पडद्याखाली पाणी साठल्याची शंका घ्यावी. तिशी-चाळिशीतल्या पुरुषांत, विशेषतः स्टेरॉइड चालू असलेल्यांत, हे दिसतं. चमका, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसणं, किंवा लेन्स वापरणाऱ्याचा लाल दुखरा डोळा : यांतलं काही असेल तर घरगुती चाचणी विसरा, त्याच दिवशी जा. लेन्स काढून ठेवा, पण फेकू नका. जंतू तपासायला लेन्स आणि डबी दोन्ही लागतात.

मोगरा_११

आणि डबी नळाखाली धुऊ नका. बोअरचं, टाकीचं, फिल्टरचं, कुठलंच पाणी नको. सोल्यूशनने धुवा, उलटी ठेवून वाळवा, तीन महिन्यांत बदला. जुन्या सोल्यूशनमध्ये नवं ओतायचं नाही.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार. पहिल्या तीन कागदांचं कोडं सुटलं. मग चौथा मशीनचा म्हणून सोडून देतो आणि जूनच्या खोक्याप्रमाणे सहा महिन्यांच्या लेन्स मागवतो. डावा डोळा किरकोळ आहे म्हणून लिहिला नव्हता : जानेवारीत −३.०० / −०.५० × १८०, नोव्हेंबरच्या चिठ्ठीत −३.२५ / −२.०० × ४०.

अक्ष_९०

थांबा! काहीच मागवू नका.

इतका वेळ आपण चुकीच्या डोळ्यावर चर्चा करत होतो. उजव्याचा फरक मशीनच्या आणि लेन्सच्या माथी मारता येतो. डाव्यात सिलिंडर दहा महिन्यांत दीडने वाढलाय आणि ॲक्सिस १८० वरून तिरपा ४० वर आलाय. मशीन स्फेरिकल फुगवतं, सिलिंडर असा फिरवत नाही. डोळ्यांना खाज येते का, डोळे चोळायची सवय आहे का?

घाटमाथा

खाज आहे, लहानपणापासून ॲलर्जी. सकाळी उठल्यावर मुठीने चोळतो.

विहीरबाग

मग केराटोकोनस नाही ना, हे आधी बघायचं. बुबुळ पातळ होऊन खालच्या बाजूला शंकूसारखं पुढे येतं. विशीत, एका डोळ्यात आधी, ॲलर्जी आणि चोळण्याबरोबर. अशा नंबराला "होतं असं" हे उत्तर चालत नाही. आपल्याकडे हे दुर्मिळही नाही : नागपूरजवळच्या खेड्यांतल्या पाहणीत (सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी, २००९) तिशीपुढच्या लोकांत २.३ टक्के आढळलं होतं.

मोगरा_११

तो आकडा जपून वापरावा. त्यांनी टोपोग्राफी (बुबुळाच्या पृष्ठभागाचा नकाशा) केली नव्हती, बुबुळाची वक्रता ४८ च्या वर असली की केराटोकोनस धरलं होतं. नुसतंच जास्त वक्र बुबुळ असलेले काहीजण त्यात आले असणार आणि सुरुवातीच्या पायरीवरचे निसटले असणार.

विहीरबाग

मान्य. पण धाग्यातल्या मुलाच्या दृष्टीने टक्केवारी दुय्यम, टोपोग्राफी पहिली.

दर्यावर्दी

टोरिक लेन्सने बुबुळ दबून असा तिरपा सिलिंडर येऊ शकत नाही का? आधी तुम्हीच म्हणालात.

अक्ष_९०

येऊ शकतो, म्हणून लेन्स काढूनच माप घ्यायचं. साधी सॉफ्ट लेन्स किमान एक आठवडा, टोरिक सॉफ्ट दोन आठवडे, सेमी-सॉफ्ट म्हणतात त्या आरजीपी असतील तर तीन-चार आठवडे किंवा जास्त. तोवर जानेवारीचा चष्मा. लेन्सचा दाब असेल तर नकाशा हळूहळू पूर्ववत होतो, केराटोकोनस तसाच राहतो. शंका उरली तर एक-दोन आठवड्यांनी दुसरं माप घ्यायचं आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवायचे.

कोकणकडा_दक्षिण

काय मागायचं ते नीट लिहून न्या. "दोन्ही डोळ्यांची कॉर्नियल टोमोग्राफी", पेंटाकॅम किंवा तत्सम मशीनवर, म्हणजे बुबुळाच्या पुढच्या-मागच्या पृष्ठभागांचा आणि जाडीचा नकाशा. नुसती केराटोमेट्री पुरत नाही, ती मधला बारीकसा भागच मोजते आणि फुगवटा खाली असतो. अहवालात तीन गोष्टी बघायच्या : सगळ्यात जास्त वक्रता, सगळ्यात पातळ जागेची जाडी, आणि मागच्या पृष्ठभागाचा उंचवटा. नकाशा रंगीत कागदावर घ्या, शक्य तर मूळ फाइलही. पुढच्या वेळी त्याच जातीच्या मशीनवरच करा. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

सायली_वाचते

निघालाच तर उपाय काय?

विहीरबाग

वाढतोय असं दिसलं तर सी-थ्री-आर, म्हणजे बुबुळाला बळकटी देणारं क्रॉस-लिंकिंग. मूळ पद्धतीत बुबुळाची वरची साल काढून अर्धा तास रायबोफ्लेविनचे थेंब, मग अर्धा तास अतिनील प्रकाश. त्यासाठी बुबुळाची जाडी ४०० मायक्रॉन तरी उरलेली असावी लागते, म्हणून उशीर परवडत नाही. हे रोग थांबवण्यासाठी असतं, चष्मा घालवण्यासाठी नाही. नजरेसाठी नंतर आरजीपी किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या) लेन्स. आणि लेसरने नंबर काढायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा, पातळ बुबुळ आणखी पातळ होतं.

चोळणं मात्र आजपासून बंद. खाजेला बंद डोळ्यावर थंड पट्टी आणि डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे थेंब. लेन्स घातलेली असताना ते थेंब घालायचे नाहीत.

बटाट्याची_काचरी

विनोद मागे घेतो. घाटमाथा, कळवा.

घाटमाथा

लेन्सची ऑर्डर थांबवली. मुलाने लेन्स काढून ठेवल्यात. दोन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली आहे. त्याच दिवशी पडदा तपासायला बाहुली मोठी करतो म्हणालेत, चालेल ना?

कोकणकडा_दक्षिण

चालेल, पण क्रम सांगून ठेवा : आधी टोमोग्राफी, मग नंबर, मग दाब, थेंब सगळ्यात शेवटी. डोळ्यात थेंब पडले किंवा बुबुळाला काही टेकलं की नकाशा बिघडतो. जुना चष्मा आणि लेन्सचं खोकं दोन्ही बरोबर न्या, चष्म्याचा नंबर लेन्सोमीटरवर मोजून घ्यायला सांगा; कागदावरचा आणि काचेतला एकच असेल असं गृहीत धरू नका. येताना गाडी त्याला चालवू देऊ नका.